मदत हवी: लाईट येताच रिले आपोआप लागतो

फोंड्याहून: घरात आवाजावर चालणारा स्विच बनवतोय. फोनला सांगितलं की रिले (बोर्डच्या इशाऱ्यावर चालणारा स्विच) लागतो-सुटतो, तिथवर जमलं. पण लाईट जाऊन आली की एक रिले कुणी न सांगता लागतो! आईचे गुडघे धरलेत, रात्री बटणापर्यंत उठावं लागू नये म्हणून हा खटाटोप. चतुर्थीच्या आत पुरं करायचंय. कोड तीनदा तपासला. लवकर सांगा.

सोल्डरगन: बोर्ड कुठला? पिन कुठली? कोड न टाकता कसं कळणार?

फोंड्याहून: नोडएमसीयू, वायफायवाला छोटा कंट्रोलर बोर्ड. निळं चार रिलेंचं मॉड्यूल, ५ व्होल्टचं. पिन डी४.

सोल्डरगन: ती मॉड्यूल बहुधा उलटी चालतात, पिन लो (व्होल्टेज शून्याजवळ) झाली की रिले लागतो. कोडच्या सेटअपमध्ये आधी हाय (म्हणजे लोच्या उलट) लिहा, मग पिन आउटपुट करा. शिवाय डी४ म्हणजे चिपची जीपीआयओ २ नावाची पिन, बोर्ड सुरू होताना तिच्यावर सिग्नल येतात. डी१ वापरा.

म्हापसेवाला: एवढं कशाला? अलेक्सा आणि स्मार्ट प्लग घ्या.

फोंड्याहून: आई कोकणी-मराठीच बोलते. आणि लाईट गेली की राउटरही बंद.

डिचोलीतून: म्हणूनच नेट नको. एलेकहाउस कंपनीचं आवाज ओळखणारं व्हॉइस मॉड्यूल व्ही३ घ्या. ८० आज्ञा साठतात, एका वेळी ७ ऐकतं. भाषा कुठलीही. आजीकडून ‘दिवो पेटय’ शिकवून घेतलंय.

म्हापसेवाला: ते शिकवणाऱ्याचाच आवाज ओळखतं. सर्दी झाली की?

डिचोलीतून: सर्दीतला आवाज वेगळा शिकवायचा. जागा ८० आहेत!

सोल्डरगन: वाद नंतर. त्या रिलेवर काय जोडलंय?

फोंड्याहून: विहिरीचा पंप, १ एचपी.

सोल्डरगन: हे आधी सांगायचं! आजच काढा. सुरू होताना मोटर चालू करंटच्या कितीतरी पट ओढते. १० अँपिअरच्या रिलेचे काँटॅक्ट चिकटले की कोडमध्ये काहीही लिहा, पंप थांबत नाही. मध्ये काँटॅक्टर (मोटरसाठीचा दणकट स्विच) आणि ओव्हरलोड (करंट जास्त झाला की मोटर बंद करणारा) हवा, आणि ते काम इलेक्ट्रिशियनचंच.

 

फोंड्याहून: डी१ वर घेतलं, हाय आधी लिहिलं. मेन पाच वेळा पाडून बघितला, रिले गप्प! पंप परत जुन्या स्टार्टरवर. डिचोलीतून, ते मॉड्यूल पणजीत मिळेल की ऑनलाईनच मागवू?