रॅम २ जीबीची ४ जीबी केली: डिव्हाइस ट्रीच्या पॅचमध्ये काय तपासायचं?

प्रश्न

६४-बिट एआरएम बोर्डाच्या नव्या आवृत्तीत रॅम ४ जीबी आहे, सुरुवात हेक्स ४००००००० पासून. लिनक्स कर्नलच्या डिव्हाइस ट्रीवरच्या (बोर्डावर कोणतं हार्डवेअर कुठे आहे ते कर्नलला सांगणाऱ्या फाइलवरच्या) पॅचमध्ये दोनच बदल आहेत: मेमरी नोडचा (त्या फाइलमधल्या रॅमच्या नोंदीचा) आकार वाढवलाय, आणि सुरक्षित फर्मवेअरसाठी रिझर्व्ह्ड-मेमरीखाली १६ एमबीचा नोड घातलाय. टेस्टिंग म्हणून 'बोर्ड बूट होतो, फ्री कमांड वाढलेली मेमरी दाखवते' एवढंच लिहिलंय. मंजुरी देण्याआधी काय बघावं?

उत्तर १

बूट होतो हा पुरावा कच्चा आहे. मेमरीतली चूक बहुतेक वेळा लोड आल्यावर, भलत्याच ड्रायव्हरमध्ये उघडी पडते.

आधी रेगचे, म्हणजे मेमरी नोडमधले सुरुवात आणि आकाराचे, आकडे वाचा. अ‍ॅड्रेस-सेल्स आणि साइज-सेल्स (सुरुवात आणि आकार प्रत्येकी किती सेलमध्ये लिहायचे ते) दोन्ही २ असतील तर ते ०, ४०००००००, १, ० असेच हवेत. एका सेलमध्ये ३२ बिटच मावतात आणि ४ जीबी म्हणजे हेक्स १००००००००, म्हणून तो १ वरच्या सेलमध्ये जातो. शेवटचे दोन सेल उलटे पडले तर आकार १ बाइट होतो!

आता पॅचमध्ये न दिसणारा बदल. रॅम संपते हेक्स १४००००००० ला, म्हणजे शेवटचा १ जीबी ४ जीबीच्या रेषेपलीकडे गेला. जुन्या बोर्डावर सगळी रॅम रेषेच्या आत होती, त्यामुळे ड्रायव्हरने डीएमए मास्क (सीपीयूला मध्ये न घेता डिव्हाइस किती बिटांच्या अ‍ॅड्रेसपर्यंत थेट पोचू शकतं तो आकडा) चुकीचा ६४ बिट सांगितला असला तरी खपून जायचं. आता ३२-बिट डिव्हाइसकडे अ‍ॅड्रेसमधला वरचा १ गळतो आणि डेटा रॅम सुरू होण्याआधीच्या अ‍ॅड्रेसवर लिहिला जातो. मास्क बरोबर ३२ बिट असेल तर कर्नल स्विओटीएलबीच्या बफरमधून (डिव्हाइस पोचू शकेल अशा मधल्या जागेतून) कॉपी करतो. तो बफर मुळात ६४ एमबीचा, त्यामुळे तो भरल्याची तक्रार लॉगमध्ये येते का हेही बघा. प्रत्येक डीएमए ड्रायव्हरचा मास्क तपासल्याशिवाय मी तरी मंजुरी देणार नाही.

फर्मवेअरच्या नोडवर नो-मॅप (हा भाग कर्नलने मॅप करू नये अशी खूण) आहे ना? नसेल तर तो भाग राखीव राहतो, पण कर्नलच्या लिनियर मॅपमध्ये (सगळ्या रॅमच्या थेट मॅपिंगमध्ये) कॅशेबल म्हणून येतो. मग कोडने हात न लावताही सीपीयू अंदाजाने तिथलं वाचू शकतो, आणि सुरक्षित मेमरीवर त्याचा शेवट एसएररने (सीपीयूने कळवलेल्या गंभीर हार्डवेअर एररने) होतो. नो-मॅप आणि रीयुजेबल (मोकळा असेल तेव्हा हा भाग कर्नलने वापरावा अशी खूण) एकाच नोडवर चालत नाहीत.

उत्तर २

वरच्यात भर. रिझर्व्ह्ड-मेमरी या नोडच्या सेल्सचे आकडे रूट (सगळ्यात वरच्या) नोडशी जुळले पाहिजेत आणि त्यात रेंजेस (आतले अ‍ॅड्रेस बाहेरच्यांशी जोडणारी प्रॉपर्टी) रिकामं हवं. ते चुकलं तर कर्नल 'अनसपोर्टेड नोड फॉरमॅट, इग्नोरिंग' अशी एक ओळ छापतो आणि काहीच राखून न ठेवता पुढे बूट होतो.

दुसरं, यू-बूट (कर्नल लोड करणारा बूटलोडर) बऱ्याचदा मेमरी नोड स्वतःच भरतो. मग पॅचमधला आकडा वापरलाच जात नाही आणि 'टेस्ट केलं' याला अर्थ उरत नाही. चालू बोर्डावर प्रॉकखालच्या डिव्हाइस-ट्रीमध्ये मेमरी नोडची रेग फाइल हेक्सडंपने बघा: १६ बाइट, बिग-एंडियन. मग मेमब्लॉक=डीबग (बूटच्या सुरुवातीला मेमरी कशी वाटली ते छापणारा पर्याय) देऊन बूट करा आणि प्रॉकमधली आयओमेम फाइल (कुठल्या अ‍ॅड्रेसवर काय आहे त्याची यादी) रूट युजर म्हणून वाचा; साध्या युजरला तिथे शून्यंच दिसतात.

प्रश्नकर्ता

नो-मॅप खरंच नाहीये, तशी टिप्पणी टाकतो. लेखकाला मेमटेस्ट=४ (बूट होताना रॅम तपासणारा कर्नलचा पर्याय) लावून बूट करायला सांगितलं तर पुरेल?

उत्तर १

रॅम चिपमधले खराब सेल शोधायला ठीक, तेही कर्नलमध्ये मेमटेस्टचा पर्याय चालू असेल तर. पण एका फेरीत ते सगळीकडे एकच नमुना लिहून तपासतं. डीडीआर कंट्रोलरमध्ये (रॅम चिपशी बोलणाऱ्या भागात) अ‍ॅड्रेसच्या ओळी चुकीच्या बसवल्या आणि वरचा भाग खालच्यावरच गुंडाळला गेला, तर दोन्हीकडे तोच नमुना सापडतो आणि टेस्ट पास होते. हे बूटलोडरमध्येच पकडावं लागतं. दोनाच्या प्रत्येक घाताच्या अंतरावर वेगळी किंमत लिहायची, सगळं लिहून झाल्यावर परत वाचायचं. यू-बूटमधलं रॅमचा आकार मोजणारं फंक्शन याच पद्धतीने चालतं. त्याचा लॉग पॅचसोबत मागा.