गाव कोणतं तुमचं?

जन्म, शाळा, नोकरी सगळं डोंबिवलीत. तरी कुणी विचारलं की तोंडातून देवगडच येतं. आणि देवगडात उतरलं की रिक्षावाला म्हणतो, "मुंबयसून इलात?" तुम्ही राहता तिथली माणसं 'गाव' कशाला म्हणतात? पाहिलेलं, ऐकलेलं लिहा.

*

शांघायहून लिहितेय. इथे विचारतात, 'लाओजिया कुठलं?' शब्दशः जुनं घर. ऑफिसातल्या मैत्रिणीचा जन्म इथलाच, पण ती शानतोंग सांगते, कारण आजोबा तिकडचे. आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाई आनह्वेइतल्या खेड्यातल्या. (अशा बाईंना इथे 'आयी' म्हणतात, म्हणजे मावशी. कानाला मात्र आईच ऐकू येतं.) त्यांचं हुकोऊ, म्हणजे सरकारी नोंद, गावची. म्हणून मुलाची शाळाही तिकडेच, तो आजीजवळ. चिनी नववर्षाला गाड्या ओसंडतात, तेव्हा वर्षातून एकदा भेट. परत आल्यावर मोबाइलवर व्हिडिओ दाखवला: या नवं जॅकेट पुढे करतायत आणि पोरगं आजीच्या मागे लपतंय. त्या हसत होत्या. मला चहा गिळवेना.

*

झुरिक. सहकाऱ्याचा स्विस पासपोर्ट पाहिला, त्यात जन्मस्थळच नाही! त्याऐवजी 'हायमाटऑर्ट', घराण्याला ज्या गावाचं नागरिकत्व ते. गेलायस का कधी? म्हणाला, "ट्रेनमधून दिसतं."

*

जपानमध्ये गावाला फुरुसातो म्हणतात, नुसत्या शब्दाने डोळे ओले होतात लोकांचे. आणि २००८ पासून त्याच नावाची कर-योजना आहे. आवडीच्या गावाला देणगी द्या, त्यातली बरीचशी रक्कम करातून वजा. गाव स्वतःचंच हवं असं नाही, वर गावाकडून भेटवस्तू येते. आमचे साहेब पक्के तोक्योचे. त्यांचं फुरुसातो दरवर्षी खेकड्यांवर ठरतं.

*

अश्दोद, इस्रायल. शेजारच्या आजी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. त्यांच्यात गाव आडनावातच असतं: पेणकर, रोहेकर, किहीमकर. पहिल्याच भेटीत मराठीत विचारलं, "गाव कोणतं रे तुझं?" पुणे म्हटलं. "ते शहर झालं. गाव विचारते मी."

*

आमी पळसदेवचे, तालुका इंदापूर. जुनं गाव उजनीच्या पाण्यात गेलं, नवं वर बसलं, नाव तेच. उन्हाळ्यात पाणी लई हटलं की जुनं देऊळ उघडं पडतं. मग वडील आन् चुलते चिखल तुडवत जातात, आन् बांध कुठनं जात होता यावरनं अजून भांडतात.