गाडीच्या पुढच्या चाकांच्या सस्पेंशनचं लेबर (मजुरी) ७,३७५ रुपये, बरोबर आहे का?

ए-३०२: नमस्कार, सोसायटीची मंडळी. माझी गाडी पेट्रोल हॅचबॅक, ६८,००० किमी. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरचं एस्टिमेट आलंय. पार्ट्सचं वेगळं, हे नुसतं लेबर:
पुढचे दोन्ही शॉकअब्सॉर्बर १,९००
स्ट्रट माउंट (स्प्रिंगसकट शॉकअब्सॉर्बर म्हणजे स्ट्रट, तो वर गाडीला जिथे बसतो तो भाग) आणि बेअरिंग ८००
दोन्ही लोअर आर्म (चाक गाडीच्या सांगाड्याला खालून जोडणारे) १,४००
दोन्ही लिंक रॉड (वळणावर गाडी कलू न देणाऱ्या बारला जोडणारे छोटे दांडे) ६००
अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) ६००
चार चाकांचं बॅलन्सिंग ४००
अंडरबॉडी क्लीनिंग ५५०
एकूण ६,२५०, त्यावर १८ टक्के जीएसटी १,१२५, मिळून ७,३७५. संध्याकाळपर्यंत हो-नाही कळवायचंय.

सी-१०१: सरळ लूट आहे. बाहेरचा फिटर हेच सगळं निम्म्यात करेल.

बी-५०४: थांबा, सगळंच लूट नाही. शॉकअब्सॉर्बरचे १,९०० मला जास्त वाटत नाहीत. चाक काढा, ब्रेक होजचा क्लिप आणि एबीएसची वायर सोडवा, नकलचे (चाक ज्या भागावर बसतं त्याचे) दोन बोल्ट, वरचे माउंटचे नट, मग स्ट्रट बाहेर. त्यानंतर कॉम्प्रेसरने स्प्रिंग दाबून जुना शॉकअब्सॉर्बर काढायचा, नवा घालायचा, आणि हे दोन्ही बाजूंना. एका फिटरचे दोन-अडीच तास जातात. काही गाड्यांत तर वायपरखालचा प्लास्टिकचा काऊल उघडल्याशिवाय वरचे नट दिसतही नाहीत.
घोळ दुसऱ्या ओळीत आहे. माउंट आणि बेअरिंग स्प्रिंगच्या डोक्यावरच बसतात. ते काढल्याशिवाय शॉकअब्सॉर्बर बदलताच येत नाही. म्हणजे ८०० रुपये कशाचे? जुनं बाजूला ठेवून नवं उचलण्याचे!

ए-३०२: काका, हे सर्व्हिस सेंटरच्या ॲडव्हायझरला विचारलं तर म्हणाला, "सिस्टीममध्ये प्रत्येक पार्टचा वेगळा जॉब कोड आहे."

बी-५०४: कोड असतोच. प्रत्येक कामाला ठरलेला वेळ असतो आणि लेबर त्या वेळेवर लागतं, फिटरने घड्याळात किती वेळ घेतला त्यावर नाही. पण तो वेळ ते एकच काम सुटं करायचं धरून असतो. चाक काढणं, गाडी लिफ्टवर चढवणं हे प्रत्येक कोडात धरलेलं असतं. चार कोड एकत्र लावले की चाक कागदावर चारदा निघतं, प्रत्यक्षात एकदाच. दरावर भांडू नका, या दुहेरी मोजणीवर बोला.
लिंक रॉडचंही तेच. वरचं टोक स्ट्रटला लागत असेल तर ते आधीच सुटलेलं असतं. उरतो खालचा एक नट. ६०० ऐवजी ३०० द्या.

सेक्रेटरी: मध्येच बोलतो, उद्या १० ते १ पाणी बंद. टाकी साफ होणार आहे. चालू द्या.

ए-७०१: बॅलन्सिंग कशाला? टायर रिमवरून उतरत नाहीयेत, रिमवरची बॅलन्सिंगची वजनं जागच्या जागी आहेत. ८०-९० च्या वेगाला स्टीअरिंग थरथरत असेल तरच करा. अंडरबॉडी क्लीनिंगही काढा. अलाइनमेंट मात्र हवंच. नकलचे बोल्ट सुटले की कॅम्बर (चाकाचा उभा कल) हलतो, त्याबरोबर टो (चाकं आत-बाहेर वळलेली असण्याचा कोन) बदलतो, आणि टायर एका कडेने झिजतात. आधीचं आणि नंतरचं प्रिंटआउट मागा.
हिशेब: १,९०० + १,४०० + ३०० + ६०० = ४,२००. जीएसटी ७५६. एकूण ४,९५६. म्हणजे २,४१९ रुपये वाचतात.
पार्टच्या किमतीत कर आलेला असतो. बिलात कर वेगळा दिसला तरी बेरीज एमआरपीच्या वर जाता कामा नये. २२ सप्टेंबर २०२५ पासून ऑटो पार्टवर १८ टक्के आहे, कुठे जुना २८ लागला नाही ना बघा.

सी-१०१: आणि लोअर आर्म अख्खे कशाला? बुश (आर्मच्या टोकातले रबरी भाग) गेले असतील तर प्रेसवर बुश बदलून मिळतात.

बी-५०४: मिळतात, पण बॉल जॉइंटही (आर्म आणि नकल जोडणारा गोल सांधा) ढिला असेल आणि तो आर्मलाच जोडलेला असेल, तर अख्खा आर्म घेतलेला बरा. दादा, बाहेर करायला माझी ना नाही. मात्र तिथे दोन गोष्टी डोळ्यांनी बघा.
एक, लोअर आर्मच्या बुशचा बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना शेवटचा आवळायचा. चाक लोंबकळत असताना आवळला की गाडी खाली उतरल्यावर बुशचं रबर कायम पिळलेलं राहतं आणि थोड्याच दिवसांत फाटतं. मग लोक म्हणतात पार्ट डुप्लिकेट होता.
दोन, शॉकअब्सॉर्बरचा दांडा पकडीने धरून वरचा नट एअर गनने मारायचा नाही. दांड्यावर ओरखडा पडला की सील तेल सोडायला लागतं. हे दोन्ही दोष कंपनीच्या वर्कशॉपमध्येही होतात, फक्त तिथे काचेपलीकडून दिसत नाही.

ए-३०२: पण हे सगळं बदलायची गरज आहे का हेच कळत नाहीये. तक्रार एकच, छोट्या खड्ड्यांत कमी वेगाला कटकट आवाज.

बी-५०४: अहो, मग हे आधी सांगायचं! हा आवाज बहुतेक वेळा लिंक रॉडचा. फिटरला शेजारी बसवून त्याच रस्त्यावर फिरवा. मग दोन्ही लिंक रॉड सोडून आवारात सावकाश चालवून बघा. कटकट थांबली की निदान झालं, काम अर्ध्या तासाचं. जागेवर स्टीअरिंग फिरवताना टणकन आवाज आला तर माउंटचं बेअरिंग. ब्रेक मारताना किंवा सोडताना ढप्प झालं तर आर्मचा बुश. बॉल जॉइंट लिफ्टवर पहार लावून हलवून दाखवायला सांगा. शॉकअब्सॉर्बरवर नुसता ओलसर थर असेल तर चालतो, तेलाचे ओघळ असतील तर जोडीने बदला, एकच नाही.

सी-१०१: खाडीच्या हवेत उभ्या राहणाऱ्या गाड्यांचे आर्मचे बोल्ट बुशच्या नळीत गंजून अडकतात. कापावा लागला तर जादा लेबर मागतील. तेवढं रास्त आहे, पण आधी फोन करून विचारायला सांगा.

ए-७०१: बाहेर केलं तर वॉरंटी जाते, ही भीती दाखवतील. २०१४ मध्ये स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटींचा दंड केला, तो सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजना मिळू न दिल्याबद्दलच. त्यावर अपिलं झाली ते वेगळं. पण बाहेर दुरुस्ती केली एवढ्याच कारणाने सरसकट वॉरंटी रद्द करू नका, असं त्याच आदेशात आहे. बिल फारच अंगावर आलं तर ग्राहक हेल्पलाइन १९१५.

ए-३०२: फोन केला. बॅलन्सिंग आणि क्लीनिंग त्याने लगेच काढलं. माउंटच्या ८०० वर म्हणतो, "मॅनेजरना विचारतो." उद्या ११ वाजता फिटरसोबत ट्रायल ठरवली आहे, लिंक रॉड सोडून बघायला तयार आहेत. तोवर बाकी सगळं थांबवलंय.

बी-५०४: छान. काढलेले पार्ट डिकीत ठेवायला सांगा, नाहीतर "स्क्रॅपमध्ये गेले" ऐकावं लागेल. आणि ११ ला जायचं तर पाणी आधी भरून ठेवा, १० ला बंद होतंय.