मदत हवी आहे: कड्यावरचे पक्षी मोजलेत, आकड्यांनी वाट लावली आहे (सोमवारच्या आत!)

उंडगी, शनिवार रात्री ९:१०
सोमवारी सकाळी तक्ता द्यायचाय आणि माझं डोकं आउट झालंय. कड्याचा एकच तुकडा, मोजणारी मीच, दुर्बीण तीच. नऊ मोजण्या: २१४, २२६, ९७, २३१, २६४, २१९, १४३, ६१, १८.
२१४ वरून थेट १८! सरासरी १६३.६७ येते, आणि तेवढे पक्षी मी एकाही दिवशी बघितलेले नाहीत. बर्ड फ्लूने मेले असं लिहून टाकू का? सर बेटावर आहेत, मेलला उत्तर नाही. 'गूगल कर' म्हणू नका, करून झालंय.

खडूस काका, ९:१८
कुठला कडा? हरिश्चंद्रगडाचा? आणि पक्षी कुठले, पाकोळ्या? आम्ही काय ज्योतिषी आहोत का इथे?

उंडगी, ९:२१
सॉरी काका. स्कॉटलंड, ईशान्य किनारा. गिलेमॉट नावाचे समुद्रपक्षी. एमएस्सीचा प्रकल्प आहे.

ड्रोनबाज, ९:२६
२१व्या शतकात दुर्बिणीने मोजताय? ड्रोन उडवा, फोटो सॉफ्टवेअरला खायला घाला, पाच मिनिटांत काम. मी शेतातली झाडं अशीच मोजतो.

बर्गनवासी, ९:३४
@ड्रोनबाज, झाडं उठून पळत नाहीत. गिलेमॉट घरटं बांधत नाही. उघड्या खडकावर एकच अंडं, तेही पायांवर घेऊन बसलेला. ड्रोनला घाबरून रांगच्या रांग उडाली की अंडी खाली गडगडतात. शिवाय संरक्षित कड्यांवर परवानगी लागते. हिला घरी पाठवतील.
@उंडगी, तारखा दे. वेळा दे. हवा कशी होती? पक्षी मोजलेस की जोड्या? हे नसेल तर तुझे आकडे म्हणजे लॉटरीची तिकिटं.

ड्रोनबाज, ९:३७
उंचावरून, लांबून उडवायचा हो. तंत्रज्ञानाला नावं ठेवणं सोपं असतं.

रत्नांग्रीकर, ९:४१
समुद्रपक्षी बघूक इतक्या लांब कित्याक जाया? आमच्या वेंगुर्ल्याच्या समुद्रात दगडी बेटां आसत, थय सुरय अंडी घालतत. पावसाळ्यात वारो सुटलो की दमलेले पक्षी किनाऱ्यार येऊन पडतत. त्यांका कोण मोजता?

उंडगी, ९:४८
पक्षीच मोजले, जोड्या नाहीत. तारखा त्याच क्रमाने: ३, ६, ९, १२, १५, १८, २७ जून, ३ आणि ९ जुलै. सकाळी दहा ते बारा. फक्त १५ ला संध्याकाळी साडेसातला, कारण दिवसा दुसरं काम होतं. ९ तारखेला हार होती.

खडूस काका, ९:५०
कसली हार? फुलांची?

उंडगी, ९:५२
समुद्रावरून येणारं धुकं हो काका, इथे त्याला हारच म्हणतात. अर्धा कडा दिसत नव्हता. बस ६ पौंडांची, परत कोण जाणार, म्हणून दिसले तेवढे मोजले.

बर्गनवासी, १०:०३
घ्या, इथेच सगळं आहे. हे पहिल्याच पोस्टमध्ये टाकलं असतंस तर काकांचं हरिश्चंद्रगड वाचलं असतं.
ब्रिटनच्या पद्धतीत गिलेमॉट १ ते २१ जूनमध्ये, सकाळी ८ ते दुपारी ४ या वेळात मोजतात. धुकं, मुसळधार पाऊस, जोराचा वारा असला तर मोजणी नाही. दिवसभरात कड्यावरची ये-जा बदलते, म्हणून वेळ बांधून दिलेली. तेव्हा ९७ आणि २६४ दोन्ही बाद. शेवटच्या तीन तारखेबाहेरच्या. उरल्या २१४, २२६, २३१, २१९. सरासरी २२२.५. बघ किती शहाण्यासारखे आकडे आहेत! पाचवी मोजणी असती तर बरं झालं असतं, किमान पाच तरी हव्यात.

आकडेमोड्या, १०:०९
थांबा. पक्ष्यांवरून जोड्या काढायला ०.६७ ने गुणावं लागतं. २२२.५ म्हणजे साधारण १४९ जोड्या. विचलनही द्या, म्हणजे आकडे किती विखुरलेत ते. आणि सोयीचे नाहीत म्हणून आकडे फेकणं मला पटत नाही.

बर्गनवासी, १०:१५
सोयीचे नाहीत म्हणून नाही, नियम मोजणीच्या आधीपासून आहे म्हणून. खोडू नकोस गं, नऊही तक्त्यात ठेव, वगळलेल्या पाच आकड्यांपुढे 'का वगळले' ते लिही. आणि ०.६७ वगैरे नको, एका तुकड्याचा वर्षागणिक कल बघायचा तर पक्षीच पुरे.

उंडगी, १०:१९
ते ठीक. पण १८ चं काय? बाकीचे गेले कुठे? २७ ला परतीची बस चुकली म्हणून रात्री साडेनऊपर्यंत तिथेच बसले होते. पिल्लं खाली पडत होती. कापसाच्या बोळ्यासारखी. एक तर दोनदा खडकावर आपटून फेसात गेलं. ११ पडली. वहीत 'मृत' रकान्यात ११ लिहिलंय, त्या रात्री जेवलेही नाही.

बर्गनवासी, १०:२६
अगं, पडली नाहीत, उड्या मारल्या! तीन आठवड्यांचं पिल्लू, धड उडता येत नाही, दिवस मावळताना कड्यावरून स्वतःला झोकून देतं. खाली पाण्यात बाप हाका मारत असतो. मग दोघं पोहत खोल समुद्रात जातात, आई नाही, बापच सांभाळतो. असा कडा रिकामा होत गेला, म्हणून तुझे १८. हलकी असतात, आपटली तरी बहुतेकदा उसळून पुढे जातात. इथे नॉर्वेत वार्डोजवळच्या हॉर्नोया बेटावर मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझाही जीव असाच खालीवर झाला होता.
खाली घरघरल्यासारखा आवाज येत होता का? एखादं मेलेलं प्रत्यक्ष दिसलं?

उंडगी, १०:३१
आवाज खूप होता. मेलेलं एकही नाही दिसलं. 😶

सिॲटलची मावशी, १०:४०
बर्ड फ्लू इतक्या सहज लिहू नकोस हं. २०२३ मध्ये तिकडे गिलेमॉट आणि किटिवेक (कुरवांपैकी एक समुद्रपक्षी) त्याने खरंच मेले, पण तेव्हा कड्याखाली आणि वाळूवर मढी दिसत होती. दिसलीच कधी तर हात लावू नकोस, कळव.
आमच्याकडचं सांगते. २०१४ ते २०१६ पॅसिफिकचं पाणी तापलं, गिलेमॉटना पोटाला मासे मिळेनात. किनाऱ्यावर ६२ हजार मढी मोजली, ती वाहून आलेलीच तेवढी. पुढे कडे मोजले तेव्हा कळलं, अलास्कात ४० लाखांच्या आसपास गेले, तिथले निम्मे. आधीचीही सात वर्षं मोजलेली होती म्हणून हिशेब लागला.

खडूस काका, १०:४४
मासे का मिळेनात? दुसरे खायचे.

सिॲटलची मावशी, १०:५२
पाणी गरम झालं की माशांची भूक वाढते, मोठे मासे बारीक मासे फस्त करतात आणि बारीक मासेही रोड होतात. गिलेमॉटला रोज स्वतःच्या वजनाच्या निम्म्याएवढं खायला लागतं. तीन-चार दिवस उपास घडला की संपलं. उत्तर समुद्रात किटिवेकांचं दुखणं सँडईलवर अडलंय, वाळूत घुसणारा बोटभर लांब मासा. २०२४ पासून स्कॉटलंडच्या सगळ्या पाण्यात त्याची मासेमारी बंद आहे.

रत्नांग्रीकर, १०:५५
तिरफळ घालून बरो लागता काय?

सिॲटलची मावशी, १०:५७
त्याचं पीठ आणि तेल काढतात हो भाऊ.

रत्नांग्रीकर, १०:५८
अरे देवा.

सोनचाफा, ११:०२
मस्त धागा! आम्ही एडिंबराला राहतो, आईबाबा ऑगस्टच्या शेवटी येतायत. पफिन पक्षी बघायला कुठली बोट घ्यावी? बाबांचे गुडघे दुखतात.

बर्गनवासी, ११:०५
ऑगस्टच्या शेवटी बोट बघून या, पफिन तोवर समुद्रात गेलेले असतात. जून-जुलैत बोलवा.

उंडगी, ११:३८
मंडळी, एक सापडलं. २१ जूनला ११ वाजता त्याच तुकड्याचा फोटो काढला होता, घरी पाठवायला! झूम करून तीनदा मोजले, २१७ आले. कडेचे दोन रेझरबिल (गिलेमॉटसारखाच दिसणारा दुसरा पक्षी) निघाले, जाड चोच आणि तिच्यावर पांढरी रेघ, ते धरले नाहीत. चालेल ना?

आकडेमोड्या, ११:४२
पाचांची सरासरी २२१.४. पण ही मोजणी छायाचित्रावरून आहे हे तळटीपेत लिहा. मागे बसलेला पक्षी फोटोत लपतो.

ड्रोनबाज, ११:४३
शेवटी फोटोवरच आलात ना? 😏

बर्गनवासी, ११:४५
चालेल. आणि 'मृत' खोडून काढ.

उंडगी, सोमवार सकाळी १०:०५
पाठवला तक्ता. रकान्याचं नाव बदलून 'उडी' केलंय, ११. सरांचं उत्तर आलं: "किती वाजता?" वेळा लिहिल्याच नव्हत्या. 🤦