ओला कचरा सोसायटीनेच जिरवायचा का?

धागाकर्ती, कल्याण
येत्या रविवारी सोसायटीच्या सभेत खताच्या पिंपांचा ठराव आहे. ४८ फ्लॅट, रोजचा ओला कचरा साधारण २५ किलो. मी ठरावाच्या बाजूने आहे. आधारवाडीचं डम्पिंग २०२१ मध्ये बंद झालं. त्याआधी उन्हाळ्यात ते पेटलं की आम्ही खिडक्या लावून बसायचो. आता कचरा उंबर्डे, बारावेकडे जातो. तिथेही माणसंच राहतात ना?

बाल्कनीत मी तीन वर्षं भाजीची देठं जिरवतेय. तळाला विटांचे तुकडे, कचऱ्याच्या दुप्पट वाळका पाला, आठवड्यातून एकदा आंबट ताक. घाण वास सुटला तर पाला कमी पडला असं समजायचं. दोन-अडीच महिन्यांत काळं, भुसभुशीत खत हातात येतं.

तिसरा मजला
माझा स्पष्ट विरोध. महानगरपालिका अधिनियम १९४९ चं कलम ६३ वाचा. झाडलोट करणं, कचरा उचलून त्याची विल्हेवाट लावणं हे पालिकेचं बंधनकारक कर्तव्य आहे. २०१६ च्या घनकचरा नियमांत कचऱ्याचा मोठा उत्पादक म्हणजे दिवसाला सरासरी १०० किलोच्या वरचा होता. तुमचा ओला कचरा २५ किलोच. मालमत्ता करही भरा आणि पिंपांची वर्गणीही काढा, हे का?

मी आधी दुसऱ्या एका शहरात राहायचो. आई, वय ७४, मटारच्या सालींत अडकलेला रबरबँडसुद्धा वेचून सुक्यात टाकायची. एक दिवस तिच्यासमोर दोन्ही बादल्या गाडीच्या एकाच खणात पालथ्या झाल्या. ती काही बोलली नाही, नुसती बादल्या विसळत राहिली. ते मी विसरू शकत नाही.

माजी सेक्रेटरी
आमच्याकडे पिंपं बसवली आणि पहिल्याच पावसाळ्यात बंद पडली. कोयी, करवंट्या, मटणाची हाडं, सगळं त्यातच. पाला भिजलेला. अळ्या जिन्यापर्यंत आल्या. आधी घराघरांत शिस्त लावा, पिंपं नंतर आणा.

पाळी सकाळची
तुम्ही सगळे पिंपांबद्दल बोलताय, पण त्यात हात कोण घालणार? आमच्या इमारतीत ते काम झाडूवाल्या मावशींच्या गळ्यात पडलं. पगार तोच. हातमोजे मागितले तर ‘पुढच्या सभेत बघू’. पर्यावरणाचं काम आपण ठरवायचं आणि घाणीत वाकायचं त्यांनी, हे मला पटत नाही. खत चांगलंच आहे, मी त्याच्या विरोधात नाही.

धागाकर्ती, कल्याण
मावशींचा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता. चूक माझी. ठराव बदलून मांडते: जादा कामाचा जादा पगार, हातमोजे, गमबूट, आणि रोज एका मजल्यावरच्या दोघांनी सोबत उभं राहायचं. पाला मार्चमध्ये, पिंपळ झडतो तेव्हाच, पोत्यांत भरून ताडपत्रीखाली ठेवू. करवंट्या पिंपात नाहीत.

तिसरा मजला, तुमच्या आईंबद्दल वाचून गलबललं. कलम ६३ चं पत्र लिहा, माझी सही घ्या. पालिकेची जबाबदारी मी सोडून देत नाहीये. पण २५ किलो घरच्या घरी जिरत असताना ते दुसऱ्याच्या उशाशी पाठवायला माझं मन तयार नाही.

तिसरा मजला
पत्राचा मसुदा करतो. मत मात्र विरोधातच. आज आपण जिरवू लागलो की उद्या गाडी दिवसाआड येईल, परवा येणारच नाही.

पाळी सकाळची
पगाराचा आकडा ठरावात लिहा. ‘योग्य मोबदला’ एवढंच लिहिलंत तर मावशींना काहीच मिळणार नाही.