४० चं इंजिन लावल्यापासून बोटीचा ट्रेलर झोले खातो

तापीकाठ_भुसावळ:
राम राम मंडळी. आमची चौदा फुटी फायबरची बोट आहे. हतनूरच्या बॅकवॉटरला नेतो, थंडीत पक्षी बघत चांगदेवच्या संगमाकडं जातो. आधी १५ एचपीचं इंजिन होतं, यंदा ४० चं बसवलं. तेव्हापासून बोलेरोमागं ट्रेलर पन्नासच्या वर गेला की झोले खातो. हायवेला शेजारून ट्रक गेला की स्टिअरिंगपर्यंत जाणवतं. हवा, बेअरिंग बघून झालं. बोटीचा मागचा फळा, ज्यावर इंजिन टांगतो तो, ट्रेलरच्या लाकडी पाट्यांच्या मागं वीतभर बाहेर आहे. गॅरेजवाला म्हणतो, पुढं वाळूची गोणी टाका. गाडीत लेकरं असतात म्हणून विचारतो.

ट्रॉलीवाला_यावल:
भाऊ, गाडी उलार झालीय तुमची. एक्सलच्या मागं वजन वाढलं, तेवढं कपलर, म्हणजे गाडीला जोडायचं ट्रेलरचं पुढचं तोंड, वर उचललं गेलं. कपलरवर दाब नसला की ट्रेलर वेगात हेलकावायला लागतो. गोणी अजिबात नको, स्पीडब्रेकरला सरकली की सगळं हिशोबाबाहेर.

आधी मोजा. इंजिन, पेट्रोल, नांगर, बॅटरी, नेता तसंच सगळं ठेवून जिनिंगच्या वजनकाट्यावर नुसता ट्रेलर तोला. कपलरचा भार मात्र त्या काट्यावर नीट कळत नाही, तो दहा-दहा किलोनं सरकतो. त्याला घरचा माणसं तोलायचा काटा घ्या. सपाट जागी चाकांना दगड लावा, काट्याखाली विटा रचा आणि कपलर गाडीमागच्या बॉलच्याच (ज्या गोळ्यावर ते बसतं) उंचीवर टेकवा. एकूण वजनाच्या ७ ते १० टक्के भार हवा. जास्तही नको. बोलेरोचं मागचं बसतं, पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंग हाताला लागत नाही.

तापीकाठ_भुसावळ:
मोजलं. एकूण ६००, कपलरवर २२. बॉलपासून एक्सल ३ मीटर.

ट्रॉलीवाला_यावल:
मग तेच. बोट-इंजिन मिळून ४०० किलो धरा. बोट २० सेंमी पुढं घेतली तर ४०० गुणिले २० भागिले ३००, साधारण २७ किलो वाढतील. ४९ झाले, आठ टक्के. विंचचा (बोट ओढून घ्यायच्या चरखीचा) खांब यू-बोल्ट ढिले करून तेवढा पुढं सरकवा. मागचा फळाही पाट्यांवर येईल, आणि मला त्याचीच जास्त काळजी वाटते. एवढं इंजिन अधांतरी लटकत राहिलं तर खड्ड्याखड्ड्याला बोटीचा तळ तिथंच वाकतो. सरकवल्यावर पुन्हा मोजा. पेट्रोलची टाकी मागं असेल तर भरून नेऊ नका, २५ लिटर म्हणजे १८ किलोच्या वर.

शहाद्याचा_मासेवाला:
बॉलही बघा भो. कपलर ५० मिमीचा आणि बॉल जुना १ ७/८ इंची, म्हणजे जेमतेम ४८ मिमीचा, असं जुगाड आपल्याकडं सर्रास दिसतं. जोडून लॉक करा आणि जॉकी व्हीलनं (ट्रेलरच्या पुढच्या फिरवून वर-खाली होणाऱ्या छोट्या चाकानं) कपलर वर उचला. बोलेरोचं मागचं सोबत उचललं पाहिजे. निसटलं तर निघूच नका. दोन्ही साखळ्या कपलरखालून फुली मारून लावा. बोट नुसत्या विंचच्या पट्ट्यावर सोडू नका, मागं दोन्हीकडून रॅचेट पट्टे हवेतच.

आणि रस्त्यात झोला आलाच तर ब्रेक दाबू नका, स्टिअरिंग उलटसुलट फिरवू नका. फक्त ॲक्सिलरेटर सोडा, सरळ धरा.