फोनवरच्या चाचणीत कमी गुण म्हणजे निदान नव्हे

एका ताईंनी विचारलंय, फोनवरच्या स्मृतिचाचणीत आईंना कमी गुण पडले, म्हणजे डिमेन्शियाच (स्मृतिभ्रंशच) का? नाही हो. ही नुसती चाळणी. निदानासाठी प्रत्यक्ष तपासणी हवी. रक्तातलं बी-१२ जीवनसत्त्व, थायरॉइडही बघतात, कारण त्यांच्या बिघाडानेही विसरायला होतं.

फोनवरच्या चाचण्यांतली जुनी म्हणजे ‘टिक्स’ (टेलिफोन इंटरव्ह्यू फॉर कॉग्निटिव्ह स्टेटस), १९८८ची, अमेरिकेतली. एकूण गुण ४१. तारीख सांगा, २० पासून उलटे आकडे म्हणा, १०० मधून ७-७ वजा करत जा, १० शब्द ऐकून लगेच परत सांगा, असे प्रश्न. समोरासमोरच्या चाचणीतलं आकृती काढणं वगैरे फोनवर जमत नाही, ते गळलंय.

खरी मेख ऐकण्यात आहे. कमी ऐकू येणाऱ्या माणसाच्या कानापर्यंत ते शब्द पोचतच नाहीत आणि गुण मात्र स्मरणशक्तीचे कापले जातात. उलटही होतं. समोर कॅलेंडर टांगलेलं असतं, नाहीतर सूनबाई हळूच वार सांगतात, की गुण वाढले! म्हणून पुढच्या वेळी श्रवणयंत्र लावा, टीव्ही बंद करा, कॅलेंडर उतरवून ठेवा. शेजारी बसलात तर कितीही जीव तुटला तरी उत्तर पुरवू नका. आणि आईंचं शिक्षण किती झालंय ते तपासणाऱ्याला आधीच सांगा. चौथीपर्यंत शिकलेल्या बाईंची वजाबाकी चुकली तर तो आजारच असतो असं नाही.